मालकाचा घोट

हारुनभाईंच्या टपरीवर चहा मिळे, पण त्याआधी हारुनभाईंचं तोंड बघावं लागे.

पंचवटीतल्या भाजीबाजाराच्या अगदी तोंडाशी ही टपरी. तिथली रीत ठरलेली होती. पातेल्याला उकळी आली की हारुनभाई आलं ठेचून टाकत, आणखी एक उकळी येऊ देत, गाळणं लावत आणि पहिला अर्धा ग्लास स्वतःसाठी काढत. तो ते सगळ्यांच्या देखत, उभ्यानेच, डोळे मिटून घेत. गिऱ्हाइकं हातातलं काम सोडून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. भुवया वर गेल्या की चहा फक्कड जमला. नुसती मान हलली की बरा आहे. मग हारुनभाई "होऊ द्या" म्हणत आणि ग्लासांवर हात पडत. चव बसली नाही तर मात्र अख्खं पातेलं गटारात. असं क्वचितच व्हायचं, पण ज्यांनी ते बघितलं होतं ते सासुरवाडीला गेल्यावर तिथेही सांगत. फार पूर्वी बाजारात भेसळीच्या दुधाची आवई उठली होती, तेव्हा ही रीत पडली. आवई विरून गेली आणि मालकाचा घोट तेवढा मागे राहिला.

या घोटानेच हारुनभाईंचा घात केला. चक्कर येते म्हणून ते डॉक्टरकडे गेले, तर रक्तात साखर वाढलेली, चरबी वाढलेली. डॉक्टरांनी विचारलं, दिवसातून किती चहा पिता? हारुनभाई सरळ मनाचे. म्हणाले, "एकही नाही. मी चहा पीत नाही, चाखतो." सोबत त्यांची मुलगी आयत होती. ती फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. तिने शांतपणे सांगितलं की अब्बा पातेल्यामागे अर्धा ग्लास चाखतात आणि पातेलं दिवसभर शेगडीवरून उतरत नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग जे बोलले ते हारुनभाईंच्या कानाला गोड लागलं नाही.

घरी आल्यावर आयतने ग्रीन टीचा एक डबा टेबलावर ठेवला. आत दोरी बांधलेल्या पुड्या. हारुनभाईंनी एक पुडी दोरीला धरून उचलली आणि मेलेली पाल बघावी तशी बघितली. ज्या माणसाने जन्मभर चहाला उकळीवर उकळी दिली त्याला ही पाण्यात बुचकळायची पुडी म्हणजे धंद्याचा अपमानच वाटला. पण आयत समजावून सांगायला बसली.

"अब्बा, शरीरात फ्री रॅडिकल नावाचे कण तयार होतात. ते पेशींना त्रास देतात. ग्रीन टीत अँटीऑक्सिडंट असतात, ते या कणांना आवर घालतात. हृदयालाही थोडाफार फायदा होत असावा असं काही अभ्यासांत दिसलंय. पण हे औषध नाही बरं का. खरं काम साखर बंद करण्याचं आहे."

या भाषणातून ज्याने त्याने आपल्या सोयीचं उचललं. आबिदाने, म्हणजे हारुनभाईंच्या बायकोने, 'फायदा' एवढं उचललं. हारुनभाईंनी 'औषध नाही' एवढं उचललं. तरी मुलगी इतक्या कळकळीने सांगतेय म्हटल्यावर त्यांनी आपल्या परीने समजून घ्यायचा प्रयत्न केला.

"म्हणजे आपल्या बाजारातल्या मोकाट सांडासारखं," ते म्हणाले. "कोथिंबीर दिसली की घातलं तोंड. आणि तुझं ते अँटी म्हणजे आपली मालनबाई. काठी घेऊन बसलेली."

आयत म्हणाली, कॉलेजात असं शिकवत नाहीत, पण साधारण बरोबर आहे.

इथवर सगळं ठीक होतं. पण आयत बापाला ओळखून होती. नुसतं 'हो' म्हणून हा माणूस उद्या पुन्हा पातेल्यापाशी डोळे मिटून उभा राहणार. तिने अब्बांचा हात उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. दुधासाखरेचा चहा घोटभरही नाही, माझी कसम. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, नाही नाही त्या दर्ग्यांच्या पायऱ्या झिजवल्यावर झालेली ही एकुलती एक मुलगी. तिच्या डोक्यावर हात असताना हारुनभाईंच्या तोंडून दुसरं काय निघणार? त्यांनी कसम घेतली. आबिदालाही भरून आलं. ती म्हणाली, "तुम्ही सोडताय, तर मीही सोडला. आजपासून या घरात दुधाचा चहा बंद." हारुनभाईंना बायकोचा फार अभिमान वाटला.

अभिमान रात्रीपर्यंत टिकला. पहाटे शेगडी पेटवताना त्यांना दरदरून घाम फुटला. घोटाचं काय? घोट घेतला नाही तर बाजार ग्लासाला हात लावणार नाही, आणि घोट घ्यावा तर कसम मोडते. बराच विचार करून त्यांनी तोड काढली. गिऱ्हाइकांना घोट दिसला पाहिजे, ग्लासात काय आहे हे कोण बघायला येतंय? काचेच्या ग्लासाऐवजी त्यांनी स्टीलचा ग्लास घेतला, त्यात गरम पाणी ओतलं, पुडी बुचकळली आणि दोरी बाहेर दिसू नये म्हणून तोडून टाकली.

पहिलं पातेलं उतरलं. समोर नेहमीची मंडळी जमली होती. हमालांचा मुकादम बहिरू पुढे उभा होता, शेजारी मेथी-पालकवाली मालनबाई मिशरी थुंकून तयार होती. हारुनभाईंनी स्टीलचा ग्लास उचलला, डोळे मिटले आणि घोट घेतला.

ग्रीन टीशी त्यांची ही पहिली गाठ. कपाळाला आठ्या पडल्या, एक डोळा जास्त मिटला, गाल आत गेले आणि मिशी वर सरकली. अंगातून एक शहारा गेला तोही लोकांनी बघितला. त्यानंतर हारुनभाई "होऊ द्या" म्हणाले.

कुणी हात पुढे केला नाही.

"बिघडला का वो?" मालनबाईने विचारलं.

हारुनभाई म्हणाले, नाही नाही, एक नंबर झालाय. बहिरू म्हणाला, मग तोंड तसं का झालं? दातात कळ आली, हारुनभाईंनी सांगितलं. लोकांनी घाबरत घाबरत ग्लास उचलले, आधी ओठ लावून बघितले, मग प्यायले. चहा चांगला होता. तरीही प्यायल्यावर जो तो आपापल्या पोटाचा अंदाज घेत होता.

दुसऱ्या पातेल्याला हारुनभाईंनी चेहरा सावरायचं ठरवलं. घोट घेतला आणि सगळे दात दाखवून हसले. तीस वर्षांत त्यांना असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. एक हमाल तर दोन पावलं मागे सरकला. मालनबाईने बहिरूच्या कानात सांगितलं की आपल्या बहिणीच्या लग्नात जेवणाचा खोळंबा झाला तेव्हा आपला नवरा हुबेहूब असाच हसत होता.

पुढची भानगड त्याहून मोठी होती. हारुनभाई साखर कधी मोजून घालत नसत. मुठीने घालायची आणि मग जिभेला विचारून कमी-जास्त करायची. आता जिभेला विचारायची सोय राहिली नाही. एका पातेल्यात ती दोनदा पडली आणि पुढच्यात पडलीच नाही. बहिरूने तक्रार केली की मघाशी पाक होता आणि आता काढा आहे, मालक चाखतो तरी काय? हारुनभाई आलं ठेचण्यात गढून गेले. ते इतका वेळ ठेचत राहिले की पुढचं पातेलं खोकल्यावरच्या औषधासारखं झालं.

असं चार-पाच दिवस रेटलं. मग एका सकाळी गर्दीत बहिरूने न बघता हात घातला आणि नेमका स्टीलचा ग्लास उचलला. मोठा घोट घेतला. त्याच्या तोंडाचं तेच झालं जे हारुनभाईंच्या तोंडाचं होत होतं, फक्त मुकादम असल्याने जरा मोठ्या प्रमाणावर.

"हे काय हाय?" तो म्हणाला. "दूध नाय, साखर नाय. हारुनभाई, तुम्ही सोताचा चहा पीत नाय?"

हे वाक्य बाजारात शिरलं आणि एकेका ओळीत वाढत गेलं. कोथिंबिरीच्या ओळीत ते 'मालक स्वतःचा चहा पीत नाही' एवढंच होतं. कांद्याच्या ओळीत पोचलं तेव्हा दुधात काहीतरी असल्याचं ठरलं होतं. बटाट्यापाशी ते काहीतरी म्हणजे कपडे धुण्याची पावडर झाली. गोदाघाटावर फुलं विकणाऱ्या शकुबाईपर्यंत बातमी गेली ती अशी की हारुनभाई स्वतःच्याच चहाने आडवे झाले आणि आता काही खरं नाही. शकुबाई बिचारी धंदा टाकून बघायला आली. हारुनभाई धडधाकट उभे दिसले तेव्हा तिला आनंद झाला, पण आणलेल्या हाराचं काय करावं ते तिला कळेना.

दुपारपर्यंत बाकडी रिकामी पडली. रस्त्यापलीकडे रविराज नावाच्या एका तरतरीत माणसाने 'दीपमाला टी सेंटर' काढलं होतं. त्याच्याकडे रंगीत स्टुलं होती, भिंतीवर आरसा होता आणि इतके दिवस तिथे रविराजशिवाय कुणी बसत नव्हतं. आता तिथे बसायला जागा उरली नाही. हारुनभाईंच्या पातेल्यावर साय धरली. पैशाचं एक वेळ निभावता आलं असतं. पण ज्या नावावर बाजार डोळे झाकून ग्लास तोंडाला लावत होता ते नाव कपडे धुण्याच्या पावडरीला जाऊन चिकटलं, हे त्यांना सोसवेना.

त्यांनी खरं सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टोमॅटोचा रिकामा क्रेट उलटा घालून ते त्यावर चढले. पण कसमेचं बोलायला जीभ रेटेना. घरातली नाजूक गोष्ट, ती बाजारात कुठे मांडायची? म्हणून ते नुसतं ग्रीन टीवर बोलले. माणसाच्या अंगात मोकाट सांड हिंडत असतात, हे त्यांनी सांगितलं. ग्रीन टीत अँटीऑक्सिडंट असतात, ते काठी घेऊन या सांडांना आवरतात, हेही सांगितलं. हे औषध नाही, फायदा होत असावा असं काही अभ्यासांत दिसलंय, असं आयतचं वाक्यही प्रामाणिकपणे घातलं, पण तोवर लोक सांडांपाशीच अडकले होते. हे सगळं मुलगी फार्मसीत शिकून आलीय आणि म्हणून मी तो पितो, तुमच्या चहात काही खोट नाही, असं म्हणून ते क्रेटवरून उतरले. त्यांना वाटलं, झालं, गैरसमज मिटला.

तोच बहिरू पुढे आला. त्याचा चेहरा दुखावलेला होता.

"म्हणजे तुमच्या अंगातले सांड तेवढे सांड," तो म्हणाला. "आमच्या अंगात काय शेळ्या हायेत?"

गर्दीत एकदम कुजबुज वाढली. बघा, सांड आवरणारं स्वतः प्यायचं आणि आम्हाला इतकी वर्षं साधं दूध-साखर पाजायचं. मालनबाई म्हणाली की तिची तर अंगातली आणि बाहेरची, दोन्ही जनावरं तीच आवरते, तिला आधी मिळायला पाहिजे. हारुनभाईंनी परोपरीने सांगितलं की तुम्हाला आवडणार नाही. ते ऐकून तर लोकांची खात्रीच पटली की माल अस्सल आहे. मालकाचाच पाहिजे, असा सगळ्यांनी धोशा लावला.

मग काय, हारुनभाईंनी डबे आणवले. पण हात तो हातच. पुडी कपात बुचकळून घाऊक चहा कसा होणार? त्यांनी सगळ्या पुड्या एकदम पातेल्यात सोडल्या आणि सवयीप्रमाणे उकळी दिली. मग आणखी एक दिली. पातेल्याच्या काठावरून दोऱ्याच दोऱ्या लोंबत होत्या आणि आत जे रटरटत होतं त्याचा रंग शेवाळलेल्या हौदासारखा होता. या पातेल्याचा घोट मात्र त्यांनी राजरोस घेतला, कसम न मोडता. घेतला आणि त्यांना टपरीच्या खांबाचा आधार घ्यावा लागला.

"होऊ द्या," ते कसंबसं म्हणाले.

त्या दिवशी पंचवटीच्या भाजीबाजाराने एकदम तोंड वाकडं केलं. भाव करायला आलेल्या बायका विक्रेत्यांचे चेहरे बघून न बोलता सांगितला भाव देत होत्या. पण मजा अशी, की कडू आहे असं म्हणायची कुणाची छाती होईना. एवढं भांडून मागून घेतलं, आता नावं कुठल्या तोंडाने ठेवणार? प्रत्येक जण शेजारच्याकडे बघे, शेजारचा गुमान पितोय म्हटल्यावर आपणही पिई. मालनबाईने ग्लास खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात फिरवला.

"लय हलका वाटतोय गुडघा," ती म्हणाली.

"एवढ्यात?" बहिरूने विचारलं.

"तुला नाय वाटत का?"

"वाटतोय ना," बहिरू घाईघाईने म्हणाला आणि बरा असलेला गुडघा चोळू लागला.

कपडे धुण्याची पावडर धुतली गेली. हारुनभाईंच्या नावाला पुन्हा उजाळा आला. पण काहीतरी चुकत होतं आणि काय ते त्यांना कळत नव्हतं. लोक येत, एका दमात ग्लास रिकामा करत, पैसे ठेवत आणि जात. बाकड्यावर कुणी टेकत नव्हतं. दुसरा ग्लास कुणी मागत नव्हतं. पूर्वी एका कटिंगवर बहिरू अख्ख्या बाजाराची कुळकथा सांगायचा, तो आता पिऊन झाल्यावर बोलायच्या अवस्थेत नसे. जुनं पातेलं फळीवर पालथं पडलं होतं. हारुनभाई दिवसातून एक-दोनदा ते उगाच पुसून ठेवत. लोकांचा विश्वास परत आला होता, पण लोक काही परत आले नव्हते, आणि या गोष्टीने त्यांचा जीव कासावीस होई.

मग एक दिवस त्यांच्या ध्यानात आलं की ग्लास ठेवून जाणारं प्रत्येक माणूस मसाल्याच्या दुकानाशेजारच्या बोळात शिरतं. बाजार या बाजूला, हमाली या बाजूला, मालनबाईची पाटी या बाजूला आणि सगळे निघालेत त्या बाजूला. हारुनभाईंनी शेगडी बारीक केली आणि बहिरूच्या मागोमाग निघाले. बोळ वळला, पुन्हा वळला, रस्त्यापलीकडे निघाला आणि दीपमाला टी सेंटरच्या मागच्या दाराशी येऊन संपला.

आत अख्खा बाजार बसला होता. हमाल होते, कांदेवाले होते, कडेला शकुबाई होती. मालनबाई बशीत चहा ओतून फुंकर घालत होती. बहिरूने नुकताच ग्लास तोंडाला लावला होता. दारात हारुनभाई दिसले आणि सगळ्यांचे हात होते तिथे थांबले. बहिरूला तर गिळावं की थुंकावं हेही सुचेना.

"चव घालवायला आलो होतो," तो शेवटी म्हणाला. "म्हंजे तुमची नाय. तोंडाची."

हारुनभाई त्याच्याकडे बघत नव्हते. आरशाखालच्या कोपऱ्यात त्यांच्याकडे पाठ करून एक बाई बसली होती. पायाशी पिशवी आणि पिशवीतून बाहेर आलेली मेथी. गेले कित्येक दिवस घरात रोज मेथी का शिजतेय याचा हारुनभाईंना उलगडा झाला.

"आबिदा," ते म्हणाले.

आबिदाने बशी खाली ठेवली. ओढणी सारखी केली. मग वळली.

"मेथी घ्यायला आले होते."

"इथं मेथी मिळते?"

आबिदाने बाहेर आलेली मेथी पिशवीत आत ढकलली. रविराज गल्ल्यामागून मान वर करून बघत होता. आता हारुनभाई काय करतात म्हणून सगळ्यांनी श्वास रोखले. त्यांना राग आला होता, वाईटही वाटलं होतं, पण जन्मभर शेगडीपाशी उभा राहिलेला माणूस शेवटी दुसरं काय विचारणार?

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

आबिदाने एकदा बशीकडे बघितलं.

"पाणचट आहे," ती म्हणाली. "आलं शिळं आहे. तुमच्या हातची चव नाही त्यात."

हारुनभाईंनी दाराची चौकट धरली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला असंख्य वेळा आपल्या हातचा चहा दिला होता आणि विचारलं होतं, कसा झालाय? ती दर वेळी म्हणायची, "ठीक आहे." तेवढ्यावर त्यांनी एक आयुष्य काढलं होतं.

"मग इथे का आलीस?" ते म्हणाले. "माझ्याकडे यायचं होतंस."

"कशी येऊ, आयतचे अब्बा? तुम्ही ते कडू पिताय आणि मी तुमच्या समोर उभी राहून दुधाचा पिऊ? घशाखाली उतरला असता का?"

मालनबाईने पदराने डोळे टिपले आणि त्यातच थोडं नाकही. ही संधी साधून बहिरूने तोंडातला घोट गिळून टाकला आणि म्हणाला, "मग करा की आपला जुना चहा. हे कडू आम्ही तुमच्या मनाला लागू नये म्हणून पितोय."

"करीन रे. पण घोट कोण घेणार?" हारुनभाईंनी विचारलं, आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं आता ओठांवर आलं. "मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवलाय. दुधाचा एक घोटही घेणार नाही म्हणून. तेव्हापासून चव बघता येत नाही मला. दुकान बंद करीन, पण कसम मोडणार नाही."

बाजारात आयतला कोण ओळखत नव्हतं? शाळेत जाताना ती याच रस्त्याने जाई आणि मालनबाई तिला जाता-येता गाजर देई. बहिरूने मान खाली घातली. तो म्हणाला की हे त्या दिवशी सांगितलं असतं तर कुणी एक शब्द काढला नसता, आम्ही उगाच तुमच्या दुधावर संशय घेतला. मग घोट मीच घेतो असं त्याने सुचवलं, पण बहिरूला चार मुठी साखर लागते हे सगळ्यांना माहीत असल्याने ते कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी मालनबाई उठली.

"घोट मालकाचाच हवा ना?" ती म्हणाली. "मग ही कोण हाय? हिच्यापरीस मोठा मालक कोण हाय तुमच्या घरात?"

यावर हारुनभाईंनीही वाद घातला नाही.

अख्खा बाजार बोळातून परत निघाला. पुढे आबिदा, मागे हारुनभाई, त्यांच्यामागे मेथीची पिशवी घेतलेला बहिरू. रविराज अर्धवट ग्लासांकडे बघत राहिला. टपरीवर पोचल्यावर पालथं पातेलं सुलटं झालं. दूध चढलं, पत्ती पडली, आलं ठेचलं गेलं. हारुनभाईंनी साखर अंदाजाने घातली आणि मनात अल्लाचं नाव घेतलं. उकळी आली, आणखी एक आली. गाळणं लावून त्यांनी अर्धा ग्लास आबिदापुढे धरला.

तिने घोट घेतला. सगळ्यांच्या नजरा तिच्या चेहऱ्याला चिकटल्या. पण तो चेहरा वाचायची बाजाराला सवय नव्हती. भुवई हलली नाही, मान हलली नाही. तिने दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, ग्लास रिकामा झाला आणि तिने तो परत पुढे केला.

"नीट कळलं नाही," ती म्हणाली. "अजून द्या."

हारुनभाईंनी दिला. तोही संपला. आता थोडं थोडं कळतंय असं वाटतं, पण खात्री नाही, असं ती म्हणाली. तिसऱ्या वेळी तिने बशी मागवली, बाकड्यावर ऐसपैस बसली आणि फुंकर घालत डोळे मिटून चव घेऊ लागली. बहिरूचा धीर सुटला.

"भाभी, पातेलं संपंल."

"जबाबदारीचं काम आहे," आबिदा डोळे न उघडता म्हणाली. "घाईत होत नाही."

बशी पुसल्यासारखी लख्ख झाली तेव्हा कुठे तिने नवऱ्याकडे बघितलं. "इतका चांगला चहा रोज या लोकांना देता?" तिने विचारलं. मग ग्लासांकडे हात केला आणि बाजार पातेल्यावर तुटून पडला. बाकडी भरली. बहिरूने कुणाची तरी कुळकथा सुरू केली. मालनबाईने गुडघा पुन्हा जड झाल्याचं मोकळेपणाने सांगितलं आणि दुसरा ग्लास घेतला.

हारुनभाई गाळणं हातात धरून बायकोकडे बघत उभे होते. तिच्या ओठावर सायीचा पट्टा लागला होता. त्यांनी सवयीने हात मागे नेला, स्टीलचा ग्लास उचलला आणि तिच्याकडे बघता बघता तोंडाला लावला. सकाळपासून पडून गार झालेला, दुप्पट कडू ग्रीन टी होता तो. हारुनभाईंनी तो सावकाश घोट घोट घेत संपवला. त्यांचे डोळे आपोआप मिटले, भुवया पार कपाळावर चढल्या आणि तोंडभर असं समाधान पसरलं की चहा करायला लागल्यापासून कुणी तसं बघितलं नव्हतं.

बहिरूची कथा मध्येच थांबली. त्याने हारुनभाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, स्टीलच्या ग्लासाकडे बघितलं आणि मग हातातल्या दुधाच्या चहाकडे जरा नाराजीने बघितलं.

"हारुनभाई," तो हळू आवाजात म्हणाला, "मला त्यातला द्या."

त्याच्यामागून आणखी ग्लास पुढे आले. त्यात सगळ्यांत पुढे मालनबाईचा होता.